पॉलिश मुरावं लागतं

लिलावघरात गाड्या पुसायचं काम मी एकतीस वर्षं केलं. माझं पॉलिश असं, की बॉनेटमध्ये माणसाला तोंडच काय, काल काय जेवला तेही दिसायचं. एक कावळा तर गाडीच्या दारातल्या कावळ्याशी दोन दिवस भांडला आणि तिसऱ्या दिवशी दोघं समजुतीनं वेगळे झाले. आमची ही म्हणते, तुमच्या बोलण्यालाही तेच पॉलिश आहे. असेल बापडं.

आमच्याकडे यायच्या त्या जमिनीला पोट टेकलेल्या सुपरकार. त्यांचा हिशेबच उफराटा. शोरूमच्या बाहेर पडली की भाव गडगडतो. पण तसल्या गाड्या मोजक्याच बनल्या असतील आणि मालकानं ती चालवलीच नसेल, तर दहा वर्षांनी नव्याच्या दुप्पट. मीटरवरचा एकेक किलोमीटर भाव खाली आणतो. म्हणून लिलावाच्या चौथऱ्यावर गाडी चालवत आणायची नाही, चौघांनी ढकलत आणायची, असा आमचा रिवाज. ताशी साडेतीनशेनं पळणाऱ्या गाड्या मी जन्मभर हातगाडीसारख्या लोटल्या.

एके दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई आपली लाल गाडी घेऊन आल्या. मीटर चौऱ्याण्णव हजार. भाजी, दवाखाना, नातीची शाळा, सगळं त्याच गाडीतून. आता गुडघ्यांनी संप केला होता. बसलं तर उठवेना.

"काका, पैसे कमी आले तरी चालतील," त्या म्हणाल्या. "पण ही चालवणाऱ्याच्या हाती जाऊ दे. ते गोदामवाले शेठ हिला नेतील, चादर घालतील, की संपलं."

"ते आपल्या हातात नाही, बाई. जो जास्त बोलेल त्याची गाडी. नियम आहे."

आणि शेठ बोलणारच होते. त्या जातीच्या सहा गाड्या त्यांच्या गोदामात झोपल्या होत्या, सातवी हवी होती. बोली लावायला दुसरा एकच होता, जहाजावरचा निवृत्त कप्तान. तो लिलावाच्या आदल्या दिवशी बायकोला घेऊन गाडी बघून गेला होता.

"यात बसवाल मला," त्याची बायको म्हणाली होती, "पण उतरवायला बंदरावरची क्रेन आणाल ना?"

"उतरायचंच कशाला? रोज फिरू."

हे ऐकून तिथेच उभ्या असलेल्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी फडकं उचललं. बाकीच्या गाडीला अर्धा तास दिला आणि डाव्या दाराला तीन तास.

लिलावाच्या वेळी ढकलणारे चौघे पुढे झाले, तर बाई म्हणाल्या, "ती काय आजारी आहे? सरा." आणि स्वतः चालवत चौथऱ्यावर आल्या. मी पुढे उभा राहून हातानं खुणा करत होतो: अजून थोडी, अजून, बस. डावं दार बरोबर शेठच्या खुर्चीसमोर आलं.

शेठ डोक्यावर केसांचा टोप घालायचे. सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त कुणाला माहीत नाही असं त्यांना वाटायचं.

बोली चढत गेली. शेठ अडतीस लाख. कप्तान एकोणचाळीस. शेठनी नंबराची पाटी उचलायला हात वर नेला आणि त्यांना समोरच्या दारात स्वतःचं डोकं दिसलं. भांग कानावर आला होता. पाटी मांडीवर गेली, दोन्ही हात टोपावर. डावीकडे सारला तर जास्त गेला, उजवीकडे सारला तर पुढे आला.

"एक वार," पुकारणारा म्हणाला. "दोन वार. शेठ?"

शेठ दाराकडे बघत म्हणाले, "थांब जरा, बसतोय."

"तीन वार."

हातोडी पडली तेव्हा टोप अगदी छान बसला होता.

बाईंनी कप्तानाला किल्ली दिली आणि विचारलं, "मला घरापर्यंत सोडता?" गाडीत जागा दोघांचीच. त्यामुळे ती दोघं गाडीतून गेली, आणि कप्तानाची बायको नि मी बसनं. वाटेत ती म्हणाली, "बरं झालं, ही सीट उंच आहे."

दुसऱ्या दिवशी शेठ आले. मला वाटलं, आता नोकरी गेली. तर म्हणाले, "काका, असलं दार मी पाहिलं नाही. माझ्या सहाही गाड्यांना तेच पॉलिश लावा."

"लावतो की," मी म्हणालो. "पण ते मुरावं लागतं. गाडी रोज दहा किलोमीटर फिरली नाही, तर महिन्यात काळं पडतं."

शेठचा चेहरा पडला. मग ते मी पुसत असलेल्या गाडीच्या दारात आपली हनुवटी बघायला वाकले, आणि मी ओळखलं, जमलं.

तेव्हापासून सकाळी सहाला सहा गाड्या ओळीनं डॉक्टरीणबाईंच्या खिडकीखालून जातात. सर्वात पुढे शेठ, काच खाली, एक हात डोक्यावर. लाल गाडीतला कप्तान त्यांना रोज मागे टाकतो आणि भोंगा वाजवतो. बाई चहा घेऊन खिडकीत बसतात.

खोटं वाटत असेल, तर आमच्या हिला विचारा. ती म्हणेल, खोटंच आहे. पण सकाळी सहाला तीही खिडकी उघडते.