विमानाच्या पोटातून हनोईला

मी सापे बोलतोय, मांडीवर घेऊन वाजवायचं तारांचं वाद्य. बोर्निओच्या जंगलात, बारम नदीच्या वरच्या अंगाला, जालोंगआजोबांनी मला एका अखंड ओंडक्यातून कोरून काढलं. पाठ पोकळ, अंग होडीसारखं लांब, वर चार तारा.

बायकांनी सापेला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे जुना दंडक. पण आजोबांची बोटं आखडली, तेव्हा त्यांनी मला सरळ नातीच्या, उसुनच्या मांडीवर ठेवलं. गाव कुजबुजलं. उसुन वाजवत राहिली. आणि एक दिवस तिला हनोईच्या संगीत महोत्सवाचं बोलावणं आलं. मी उडणार! लाकडात नुसती थरथर सुटली.

आमच्या धावपट्टीवर छोटं विमान येतं. सामानासकट माणसांनाही वजनकाट्यावर चढावं लागतं. काट्यावरचा अगानदादा म्हणाला, "चार किलो जास्त होतंय, उसुन. हे लाकूड ठेवून जा."

"लाकूड तुझ्या डोक्यात, दादा! याला ठेवून जाऊ, तर तिथे काय टाळ्या वाजवू?"

रांग खो खो हसली. उसुनने बूट काढले, पिशवीतले जादा कपडे काढून ठेवले. तरी दोन किलो जास्तच. तेव्हा मागच्या उबुंगमावशींनी लेकीसाठी नेत असलेले दोन अननस अगानच्या हातात कोंबले.

"हे खा आणि गप्प बस. पोरीला जाऊ दे."

विमान उडालं. उसुनच्या गुडघ्यांत उभा राहून मी खिडकीतून पाहत होतो. एवढी मोठी बारम, दोऱ्याएवढी झाली!

क्वालालंपूरला मात्र मोठ्या विमानातल्या बाई म्हणाल्या, "हे वर मावणार नाही. खाली सामानात द्या." उसुनने मला चटईत, चटईवर आपल्या लुंग्यांत गुंडाळलं. मी विमानाच्या पोटात गेलो. अंधार, हाडं गोठवणारी थंडी आणि छातीवर कुणाचीतरी भलीमोठी बॅग. घाबरलो, खोटं कशाला सांगू? पण इंजिन घुमलं, तशा माझ्या तारा आपोआप गुणगुणायला लागल्या.

हनोईत उसुनने चटई उघडली. तारांखाली स्वरांच्या जागा धरणारे माझे पडदे बांबूच्या पट्ट्यांचे, रानातल्या मधमाशीच्या मेणाने चिकटवलेले. गारठ्याने मेण सुटून सात पट्ट्या गळून पडल्या होत्या. कार्यक्रमाला उरले होते दोन तास!

तिने रडत आजोबांना फोन लावला.

"रडतेस काय? मेण तळहातात मळ. ऊब लागली की धरेल. डोळे मीट आणि कानाने जागा शोध. मी फोनवर आहे."

एक पट्टी, एक झंकार. "वर... अजून थोडी... बस्स!" अशा सहा बसल्या आणि फोन तुटला. सातवी उसुनने एकटीनेच लावली. ती केसभर चढी बसली.

मंचावर तो चढा स्वर लागला आणि लोक खुर्चीत पुढे सरकून बसले. मग असा टाळ्यांचा गजर, की माझी पोकळ पाठ दणाणली!

घरी आल्यावर आजोबांनी ऐकलं. सातव्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ही जागा मला कधी सापडली नाही. हलवू नकोस."

त्यानंतर आम्ही नऊ देश केले. माझी आता टणक पेटी आहे, तिच्यावर विमानतळांच्या चिठ्ठ्यांची दाटी. विमानतळावर सामान चढवणाऱ्या दादांनो, लांबट पेटी हाती आली तर जरा अलगद ठेवा. आत कुणीतरी कानाने शोधलेले सूर आहेत.

चला, सामानाचा पट्टा सरकायला लागला. आज मनिला!