देवीच्या झाडाला लोखंड नाही

हात जपून, मित्रांनो! जुना झालो असलो तरी मी चाकू आहे, आणि तोही कलमाचा. भाजी चिरायच्या सुरीशी माझी तुलना केलेली मला खपत नाही. ती कापते ते शिजतं, मी कापतो ते वाढतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनंच सांगतो. सध्या माझा मुक्काम राजगडाच्या पायथ्याला, पाली गावातल्या एका घराच्या कोनाड्यात आहे. पात्यावर गंजाचे ठिपके आलेत. पण मला खरी काळजी गंजाची नाही. माझा जीव टांगणीला लागलाय तो अंगणातल्या एका गुडघाभर रोपासाठी.

माझा जन्म भोरला एका लोहाराच्या भट्टीत झाला. एसटीचा मोडका कमानपाटा तापवून त्यानं माझं पातं ठोकलं. म्हणजे मागच्या जन्मी मी घाटातले खड्डे खाल्ले आणि या जन्मी झाडांच्या फांद्यांवर आलो. मला करवून घेणारी बाई होती पालीची धोंडाबाई. भट्टीपाशी पदर खोचून उभी होती आणि लोहाराला बजावत होती, "माजी पोरगी झाडांची डाक्टर झालीया. हत्यार चांगलं द्या, भाऊ. चार लोकांत तिला उसनं मागाय लागू नये."

ती पोरगी म्हणजे आमच्या सुलक्षणाबाई. किकवीच्या जवळ, हायवेला लागून फळाफुलांची एक संशोधन संस्था आहे, तिथं त्यांना नोकरी लागली होती. नव्या जाती तयार करायच्या, हे त्यांचं काम. एका झाडाचे पराग ब्रशनं उचलायचे, दुसऱ्याच्या फुलावर लावायचे, त्या फळाच्या बिया पेरायच्या आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची. बहुतेक रोपं निकामी निघतात. एखादं सोन्यासारखं निघालं, तर त्याच्या बिया पेरून भागत नाही, कारण पोर आईबापावर जाईलच याचा भरवसा काय? तेच झाड हुबेहूब हवं असेल, तर त्याची काडी दुसऱ्या रोपावर बांधावी लागते. त्यालाच कलम म्हणतात. तोवर मिरवणारा तो ब्रश मग गप्प बसतो आणि मला बोलावणं येतं.

बाईंनी आधी शेवंती केली. पिवळीधमक, आठवडाभर न सुकणारी. पुण्याच्या फुलबाजारात तिचे ढीग लागले. बाईंचा सत्कार झाला, साहेबांनी भाषण केलं आणि भाषणात माझं नाव कुणी घेतलं नाही. असो. बाईंनी घरी जाऊन आईच्या केसांत शेवंतीचं फूल खोचलं. धोंडाबाई म्हणाली, "लई ग्वाड हाय गं. पर फुलानं प्वाट भरतंय व्हय? आपल्या दारचं सीताफळ बघ. दर सालच्या पावसात काळं पडून दगूड होतंय. आपल्या पावसात टिकल असं एक सीताफळ कर की. गडावर जाणाऱ्या पोरांना काकडीच किती दिवस इकायची?"

मित्रांनो, त्या दिवसापासून आमच्या बाईंना दुसरं काही सुचेना. संस्थेतले लोक हसायचे. मावळचा पाऊस आणि सीताफळ! म्हणे आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! पण बाई बधल्या नाहीत. लांबलांबची झाडं जमवली, पराग जुळवले, रोपांची ओळच्या ओळ लावली. पावसाळा आला की फळं काळी पडायची आणि बाईंचं तोंडही. मधल्या काळात धोंडाबाई गेली. जाताना तिनं विचारलं होतं, "झालं का गं?" बाईंना खोटं बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "अजून नाही, आई." ते उत्तर त्यांच्या काळजात रुतून बसलं.

आणि मग एका वर्षी, ओळीच्या टोकाच्या झाडाला एकच फळ धरलं. पाऊस धो धो कोसळला, बाकीच्या झाडांची फळं दगड झाली, पण हे फळ हिरवंगार राहिलं. बाई रोज त्याला बघून जायच्या. पिकलं की चव बघायची, गर तपासायचा, आणि जमलं असेल तर माघात माझ्या हातून कलमं बांधायची, असं ठरलं होतं. मी तर अंगात आल्यासारखा तयार होतो.

एका सकाळी बघतो तर फळ गायब! बागेत खुरपणीला येणारी फुलाबाई हसतमुखानं पुढे आली. "बाई, पिकलं हुतं. वाघजाईला दिऊन आले." नव्या झाडाचं पहिलं फळ घरात खायचं नाही, देवीला द्यायचं, अशी इकडची रीत. फुलाबाई वरवे बुद्रुकची. तिथल्या डोंगराच्या अंगाला वाघजाईची देवराई आहे. त्या राईतली पडलेली काटकीसुद्धा कुणी चुलीला लावत नाही.

"फुलाबाई, अहो काय केलंत हे!" बाईंचा आवाज चिरकला. "माझं अख्खं वर्ष गेलं!"

"पर बाई, आपल्या भल्यासाठीच दिलं की. देवी काय खाऊन टाकती व्हय? राखती."

बाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. मलाही असा संताप आला होता म्हणून सांगू! चव कळल्याशिवाय कलम करायचं तरी कशाच्या जिवावर? माघ आला नि रिकामाच गेला.

पुढच्या पावसाळ्यात झाडावर चांगली डझनभर फळं टिकली. बाईंनी एक फोडलं, गर जिभेवर ठेवला आणि तिथंच बांधावर बसून रडल्या. गोड होतं हो! बिया थोड्या, गर दाट. माघाला आता चारच महिने उरले होते. पण माघाच्या आधी आलं ते संकट. मोठ्या साहेबांनी सांगितलं, त्या जागेवर पाहुण्यांच्या गाड्यांसाठी पार्किंग होणार, दिवाळीच्या आत सगळी ओळ काढायची.

"साहेब, फक्त माघापर्यंत थांबा," बाई म्हणाल्या.

"आता घ्या ना काड्या, मॅडम. अडलंय कुठं?"

"आता काडी कोवळी आहे, साहेब. बांधली तरी वाळते. झाडाची पानं गळून काडीवरचे कोंबाचे डोळे फुगायला लागतात, तेव्हाच ती जगते."

"मंजुरी परत जाईल, मॅडम. एका झाडासाठी काम थांबत नाही."

बाईंनी तरीही प्रयत्न केला. मी जीव ओतून काप दिले. सगळ्या काड्या आठवड्यात काळ्या पडल्या. त्यातच खंडेनवमी आली. दरवर्षीप्रमाणे मला धुऊन, हळदीकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून पाटावर मांडलं. वर्षभर मला धार लावायची आठवण फक्त बाईंना व्हायची, पण त्या दिवशी नमस्कार करायला सगळे पुढे!

दसरा झाला आणि किकवीचा पप्पू जेसीबी घेऊन आला. जेसीबीच्या दातांवर दसऱ्याचा हार अजून तसाच होता. एकेक झाड मुळासकट उपटत तो टोकाला आला, तर झाडाच्या बुंध्याला पाठ लावून फुलाबाई उभी!

"पप्पू, मागं घे. ह्याचं पयलं फळ वाघजाईला गेलंय. हे देवीचं झाड हाय."

पप्पूनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चपला काढल्या. "साहेब, म्या न्हाई हात लावणार. माझी पोरंबाळं हाईत."

साहेब चिडले. बाईंकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर शास्त्रज्ञ. तुम्हीच समजवा यांना."

सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. मी त्यांच्या खिशात होतो. त्यांची बोटं माझ्या मुठीवर घट्ट आवळली गेली. मग त्या हळूच म्हणाल्या, "पहिलं फळ देवीला गेलंय, हे खरं आहे."

बास. साहेबांनी तेवढं एक झाड सोडायला सांगितलं. फुलाबाईनं लगोलग बुंध्याला शेंदूर फासला. माझा आनंद गगनात मावेना. पण तेवढ्यात ती म्हणाली, "बाई, आता एक ध्यानात ठिवा. देवीच्या झाडाला लोखंड लावायचं न्हाई."

झालं ना! झाड वाचलं आणि मला दार बंद. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. चार माणसांत ज्या रीतीच्या आधारानं झाड वाचवलं, ती रीत आता त्या मोडणार कशा?

पार्किंग झालं. सिमेंटचे ठोकळे थेट बुंध्यापर्यंत बसवले, मुळांना श्वास घ्यायला टीचभर माती ठेवली नाही. ड्रायव्हर येता-जाता हात जोडायचे, कुणी नारळ फोडायचं, कुणी उदबत्ती थेट सालीत खोचायचं. तांब्याभर पाणी कुणी घालेना. बाई घालायच्या, पण ते ठोकळ्यांवरून वाहून गटारात जायचं. झाडाचे शेंडे वाळायला लागले. पौषात बाई निवृत्त झाल्या. शाल, नारळ, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर दुसऱ्याचा डबा. पर्समध्ये मला घेऊन त्या पालीला आल्या.

माघ लागला तशा त्या सकाळच्या पहिल्या एसटीनं संस्थेत गेल्या. आवारात चिटपाखरू नव्हतं. झाडाचे डोळे फुगले होते. बाईंनी मला उघडलं, काडीपाशी नेलं. एक काप, बाई, एकच! कोण बघतंय? पण त्यांचा हात थांबला. मला मिटून त्यांनी परत पर्समध्ये टाकलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला आमच्या बाईंचा राग आला. आईचं मागणं मोठं की देवीच्या नावानं पाळलेली रीत? त्या तडक फुलाबाईच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "झाड वाळतंय, फुलाबाई. यंदा काडी मिळाली नाही तर सगळं संपलं. काय करू?"

फुलाबाईनं पदर डोक्यावर घेतला. "कौल लावू."

देवराईत गुरवानं वाघजाईच्या मूर्तीवर उजवीकडे एक आणि डावीकडे एक, अशा शेवंतीच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. शेवंती पिवळीधमक होती. बाईंचीच होती ती, पण तिथं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"आई, ह्या लेकीला झाडाच्या काड्या पायजेत," फुलाबाई म्हणाली. "लोखंड लावू का?"

डावी पाकळी पडली. गुरव म्हणाला, "न्हाई म्हनती," आणि तबक उचलायला लागला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"थांबा की वं गुरव!" फुलाबाई त्याच्यावर खेकसली. "सवालच अर्धा इचारला म्या. पुन्यांदा लावा." मग देवीकडे बघून तिनं विचारलं, "आई, लोखंड न्हाई लावत. हातानं मोडून नेऊ का?"

बराच वेळ काहीच हललं नाही. बाई, ज्यांनी जन्मभर पुरावा मागितला, त्या एका पाकळीकडे श्वास रोखून बघत होत्या. मग उजवी पाकळी अलगद खाली आली.

काड्या हातानं मोडल्या. पालीत आणून बाईंनी त्या बांबूच्या कांबटीनं तासल्या. काडी देवीची, तिला लोखंड नको. तास ओबडधोबड यायचा, बघवत नव्हतं मला. पण ज्या रोपावर ती बांधायची, ते पिशवीतलं साधं रोप होतं. त्याला चीर द्यायला बाईंनी मला हाक मारली. दिल्या मी चिरा, आयुष्यात दिल्या नव्हत्या इतक्या जपून. खाली माझा काप, वर बांबूचा, आणि वरून घट्ट पट्टी. तरी एकेक काडी वाळत गेली. एकीलाच काय तो हिरवा कोंब फुटला.

किकवीचं झाड यंदाच्या पावसाळ्यात फुटलंच नाही. वठलं. शेंदूर मात्र अजून लाल आहे आणि ड्रायव्हर अजूनही त्याला हार घालतात. मित्रांनो, यापेक्षा वाईट मी काही पाहिलेलं नाही. पूजा करणारे हात शेकड्यांनी होते हो, पाणी घालणारे दोनच होते.

परवा फुलाबाई रोप बघायला पालीला आली. धोंडाबाईच्या जुन्या झाडाच्या जागीच ते लावलंय. तिनं कमरेची शेंदराची पुडी काढली. बाईंनी तिचा हात धरला. "याला शेंदूर नको, फुलाबाई. याला पाणी घाला. याच्या काड्या मला घरोघरी न्यायच्यात."

फुलाबाईनं पुडी परत खोचली, कळशी उचलली आणि आळ्यात पाणी ओतलं. ओतता ओतता तिनं विचारलं, "आन् पयलं फळ?"

"ते देवीचंच," बाई म्हणाल्या.

"मग शेंदूर न्हाई तर ह्याला लोखंड चालतंय," फुलाबाई म्हणाली.

हे ऐकून मला बरं वाटलं. पण सगळी मदार त्या एका कोंबावर आहे, म्हणून रात्रंदिवस धास्ती वाटते. शेळी आली तर? ऊन लागलं तर? मित्रांनो, पालीला आलात तर त्याला हात जोडू नका, पाणी घाला. आणि मला हळदीकुंकू नको, झेंडू तर मुळीच नको. कुणीतरी सहाणेवर घासून माझी धार तेवढी काढून ठेवा. हे झाड मोठं झालं, की त्याला लोखंड चालणार आहे.