खालून मारलेली हाक

जहाज निघायच्या आधी त्यावर जाणाऱ्या पोरांच्या आम्हा आईबापांना एका हॉलमध्ये बोलावलं होतं. नौदलाच्या एका अधिकाऱ्याने तासभर सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "फोन वाजला की घाबरून जाऊ नका. वाईट बातमी आम्ही फोनवर कधीच देत नाही. तशी वेळ आलीच तर गणवेशातली दोन माणसं तुमच्या दारात येतील." बिचाऱ्याने धीर द्यायला सांगितलं. पण झालं असं की आमची फोनची भीती गेली आणि दाराच्या बेलची बसली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

त्यानंतर आमच्याकडे ज्याने ज्याने बेल दाबली, त्याने माझं आयुष्य थोडंथोडं कमी केलं. कुरिअरवाला, मीटर बघणारा, वरच्या मजल्याऐवजी आमच्याच दारात थांबलेला कुणाचा तरी पाहुणा. आम्ही सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतो. लाकडी सांगाडा आमचे हे बघतात, फोम आणि कापड मी चढवते. पुढची खोली म्हणजे कारखानाच, त्यामुळे गिऱ्हाइकंही यायची. त्यांना मी बजावून ठेवलं होतं, खाली आलात की फोन करा, बेल वाजवू नका. त्यावर लोक माझ्याकडे कसे बघायचे ते सांगायला नको.

भोंगा मला त्याच हॉलमध्ये भेटली. हे नाव मीच ठेवलेलं. ती गाडी चालवायला शिकवते, आणि शिकाऊ माणसांवर ओरडून ओरडून तिचा आवाज असा झालाय की ती कानात कुजबुजली तरी शेजारच्या इमारतीला कळतं. तिची मुलगी आणि माझा मुलगा एकाच जहाजावर, एकाच इंजिनरूममध्ये. माझा त्या पोरीला ताई म्हणायचा. एकदा त्याने मेलमध्ये लिहिलं, "ताई तिच्या आईवर गेलीय. इंजिन चालू असतानाही तिचं ओरडणं ऐकू येतं." मी ते वाचून दाखवलं तेव्हा भोंगा इतकी हसली की हसता हसता रडायला लागली. मग मीही.

एकदा ती माझी छत्री परत द्यायला आली आणि तिने बेल वाजवली. मी स्वयंपाकघरातून निघाले, पण दारापर्यंत पोचलेच नाही. मध्येच भिंतीला धरून खाली बसले. ती बाहेरून "अगं उघड की" म्हणत होती आणि मी आतून "तू आहेस ना? नक्की तूच ना?" एवढंच विचारत होते. शेवटी कसंबसं सरकत जाऊन कडी काढली. ती आत आली आणि काही न विचारता माझ्याजवळ जमिनीवर बसली.

"आजपासून आपल्यात कुणी बेल वाजवायची नाही," ती म्हणाली. "खालून हाक मारायची. हाक आली म्हणजे आपलं माणूस, आणि आपलं माणूस म्हणजे सगळं ठीक."

जहाजावर पोरं असलेली आमची पाचसहा घरं होती. सगळ्यांनी हा नियम उचलला. बेकरीवाले शिट्टी मारायचे. आमच्यातल्या शाळेतल्या बाई, वर्ग गप्प करायला वाजवतात तशा, टाळ्या वाजवायच्या. भोंग्याची हाक ठरलेली होती, "सोफेवाली, तोंडातले खिळे काढ, मी आलेय." कापड ठोकताना मी बारीक खिळे ओठांत धरते, त्यावरून हे. माझा आवाज मात्र मांजरीचा. तिच्या इमारतीखाली उभं राहून मी हाक मारली तर ती मलाच जेमतेम ऐकू यायची, म्हणून मी फाटकावर किल्ली खडखडवायचे. "तुझी हाक दुसऱ्या मजल्यावर पोचेस्तोवर पोरं घरी येतील," ती म्हणायची.

असे दिवस जात होते. कुणालाही मेल आला की त्याने बाकीच्यांना जाऊन सांगायचं, कारण एकाचं पोर ठीक म्हणजे जहाज ठीक. कुणाकडे मेल आला नाही तर त्याच्या घरी जाऊन बसायचं. बेकरीवाल्यांना धीराचं बोलता यायचं नाही, ते नुसतेच पाव ठेवून बसायचे. पण बसायचे.

त्या दुपारी मी एका आरामखुर्चीची बैठक ठोकत होते. आमचे हे लाकूड बघायला गेले होते. खालून हाक आली, "सोफेवाली, तोंडातले खिळे काढ." पुढचं "मी आलेय" काही आलं नाही, आणि आवाजही बसल्यासारखा होता. मला वाटलं, सर्दी झाली असेल. मनात म्हटलं, आली ते बरंच झालं, कारण तिने माझी मोठी कात्री नेली होती आणि परत द्यायचं नाव नव्हतं. चांगलं झापायचं असं ठरवून मी उठले. खिळे काढायचा आळस केला. हसू दाबत दार उघडलं आणि दातांतून म्हटलं, "कात्री आणलीस का?"

दारात भोंगा होती. तिच्या मागे जिन्यावर गणवेशातली दोन माणसं उभी होती. त्यातल्या एकाने टोपी काढून काखेत धरली.

खिळे अजून माझ्या तोंडातच होते. भोंग्याने माझ्या हनुवटीखाली ओंजळ धरली. "टाक," ती म्हणाली. "एकेक टाक, गिळशील." मी तिच्या ओंजळीत खिळे टाकत होते तेव्हा तो माणूस सांगत होता. वादळात डेकवरचं काही सामान सुटलं होतं. ते बांधायला जी माणसं वर गेली त्यांत माझा मुलगा होता. लाट आली. बाकीचे राहिले. खूप शोधलं, पण तो सापडला नाही.

भोंगा त्यांच्याबरोबर कशी, ते मला नंतर कळलं. ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईला गाडी वळवायला शिकवत होती. शिकवणीच्या गाडीला सगळेच पत्ता विचारतात, तसा त्या दोघांनीही विचारला. रस्त्यात आडवी झालेली गाडी आणि ती बाई तिथेच सोडून भोंगा त्यांच्याबरोबर निघाली. इमारतीखाली त्यांना थांबवून म्हणाली, "बेल वाजवू नका, ती बेलला भिते. मी हाक मारते."

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. मी रडत होते, उठत होते, परत रडत होते. हे दिवसभर खुर्चीचा एकच पाय घासत बसायचे, शेवटी तो इतका बारीक झाला की सांगाड्यात बसेना. माझ्या रडण्याखाली राग होता. समुद्रावर रागावून काय उपयोग. माझा राग भोंग्यावर होता. एक दिवस ती डबा घेऊन, हाक न मारता, नुसतं दार ढकलून आत आली.

"तू बेल वाजू द्यायला हवी होतीस," मी म्हटलं.

ती डबा धरून उभी राहिली.

"बेल वाजली असती तर या खोलीतून दारापर्यंत जाताना तरी मला कळलं असतं. तेवढा वेळ माझा होता. तू हाक मारलीस आणि मी हसत गेले. माझा मुलगा गेला हे ऐकायला मी हसत गेले गं."

तिने डबा स्टुलावर ठेवला. "त्यांनी गाडीची काच खाली करायला लावली ना," ती म्हणाली, आणि इतक्या हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं, "तेव्हा मला वाटलं माझ्याकडेच आलेत. मग त्यांनी तुझं घर विचारलं. मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. त्यानंतर तुझ्या दारात ती बेल वाजू देववली नाही मला."

"जा तू," मी म्हटलं.

ती गेली, आणि परत आली नाही.

बेलची भीती मात्र संपली. कुरिअरवाला आला, बेल वाजली, मी उठले, सही केली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी चिंतलेलं सगळं होऊन गेलं होतं, आता त्या बेलजवळ मला द्यायला काही उरलं नव्हतं.

एका संध्याकाळी हे बेकरीतून आले. पाव टेबलावर ठेवले.

"भोंगा दार उघडत नाही म्हणे," ते म्हणाले. "गाडी जागची हललेली नाही. शिकणारी माणसं परत जातात."

"मग शाळेतल्या बाईंना पाठवा."

"कुणीच जात नाही. बेल वाजवली तर ती भिणार, आणि हाक मारली तरी भिणार. हाकेमागे कोण उभं असेल ते आता कुणाला सांगता येतंय? बेकरीवाल्यांनीही शिट्टी मारणं सोडलंय. कुणी कुणाकडे फिरकत नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. मी पावाचा कागद सोडवत राहिले.

"तिची पोर अजून समुद्रावर आहे," हे म्हणाले, आणि आत गेले.

आमचं तर तेही राहिलं नाही, असं मला त्यांच्या पाठीवर फेकून मारायचं होतं. राग खरा होता आणि तो गेलाही नव्हता. पण बंद दाराआड भोंगा कशी बसली असेल, ते माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? भिंतीला धरून, जमिनीवर. त्या जागी मी बसलेय, आणि तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली होती.

मी चप्पल घातली आणि निघाले. तिच्या इमारतीखाली फाटकाशी थांबले. वर खिडकी बंद, पडदा ओढलेला. हात सवयीने किल्लीकडे गेला, पण किल्ली काय, कुणीही खडखडवेल. हाक मारली तर ती आधी विचार करणार, हिच्याबरोबर कोण आहे. तिथे उभं राहून मला कळलं की तिला काय ऐकायला हवंय. मी छाती भरून श्वास घेतला.

"भोंगे, मी आहे! एकटीच आलेय!"

माझ्या घशात एवढा आवाज आहे हे मलाही माहीत नव्हतं. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघू लागला. पडदा हलला नाही.

"एकटीच आलेय गं! माझ्यामागे कुणी नाही!"

ते म्हणता म्हणता मला रडू फुटलं. तशीच ओरडत राहिले. केव्हातरी खिडकी उघडली. केस विस्कटलेले, तोंड सुकलेलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, मग त्या टोकाला, मग खाली फाटकाच्या आत. मग माझ्याकडे. काहीतरी म्हणाली, पण तिचा आवाज खालपर्यंत पोचला नाही. ओठांवरून मला कळलं.

"परत म्हण."

मी परत म्हटलं. ती जिना उतरून खाली येईपर्यंत म्हणत राहिले.