आमसुलाने घासलेली बादली

मी एक जस्ती बादली बोलतेय. जस्ती म्हणजे लोखंडाची, वरून जस्ताचा मुलामा दिलेली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या मुलाम्यानेच केला.

खेडजवळच्या एका वाडीत सखूने मला वीस वर्षं वापरलं. एका सकाळी तिने मला भरून गडग्यावर टेकवलं आणि दगडांच्या फटीतलं फुरसं तिच्या हाताला चावलं. गाडी मिळेपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ते शेवटपर्यंत थांबलं नाही. त्याच दिवशी सखू गेली. मी तिथेच भरलेली उभी होते.

तिची मुलगी दमयंती शिकून रत्नागिरीच्या एका प्रयोगशाळेत लागली. आईची आठवण म्हणून मलाही तिथे घेऊन आली. फुरशाच्या विषातल्या ज्या एन्झाइममुळे रक्त थांबत नाही, त्याच्या पोटात जस्ताचा कण असतो. तो कण धरून ठेवणारं औषध ती शोधत होती. चाचणी सोपी होती: नुसतं विष जिलेटिनचा थर विरघळवून टाकायचं; औषध चाललं, तर विष घालूनही थर टिकायचा. एकदा टिकलाही!

मग डिस्टिल्ड पाण्याचा कॅन फुटला. शिपाई दादूने त्याच्या जागी यंत्रातून येणारं पाणी धरायला मला लावलं. माझा मळका रंग त्याला बघवेना, म्हणून आमसूल लावून चांगलं घासलं. मोठा हौशी! माझं जस्त उघडं पडलं आणि पाण्यात उतरू लागलं. त्याच पाण्यात कालवलेलं औषध बिचारं माझंच जस्त धरत बसलं आणि विष मोकळं सुटलं. थर दोनदा विरघळला.

आता विष एकाच चाचणीपुरतं उरलं होतं. "हेही फुकट गेलं तर काम बंद," असं तिच्या सरांनी बजावलं होतं. दमयंती चंचुपात्र घेऊन माझ्यावर वाकली. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. पण बादलीचं ऐकतो कोण?

तिचा हात मध्येच थांबला.

"दादू, आयेची बादली एवढी लख्ख कशी?"

"आमसुलान घासलीय, ताय. जस्त कसा चमकतोय बघा!"

"जस्त..." ती पुटपुटली. मग तिने मला मोरीत उपडं केलं.

पाणी थेट काचेच्या बाटलीत धरलं. थर टिकला. दमयंती ओढणीत तोंड लपवून रडली. दादू कोपऱ्यात अपराध्यासारखा उभा होता.

औषध माणसांपर्यंत पोचायला अजून वर्षं लागतील म्हणे. मी हल्ली दाराबाहेर असते. दमयंती जाता-येता माझी कडी धरून क्षणभर थांबते. पोरी, आईची कितीही आठवण आली तरी मला आत नेऊ नकोस.