नावानं हाक

सुकऱ्याने कोयत्याच्या एका घावात दोर तोडला आणि श्रीपाद काठच्या गुडघाभर पाण्यात धपकन कोसळला. उजवा हात मात्र त्याच्याबरोबर नीट आलाच नाही. खांद्यापासून भलताच लोंबत राहिला.

नाताळच्या सुट्टीत अंबरनाथहून बदलापूरच्या नदीवर यायचं, बैलगाडी करायची, डोहाकाठी पिठलं-भाकरी खायची, इतकाच बेत होता. पण गाडीवान सुकऱ्या उंबराच्या फांदीला बांधलेल्या दोरावर झोका घेऊन डोहात उडी टाकताना दिसला आणि पस्तिशीच्या श्रीपादला हुक्की आली. “झोका पान्यावर गेला का हात सोडायचा,” एवढंच सुकऱ्याने शिकवलं. हात निसटू नये म्हणून या शहाण्याने दोराचे दोन वेढे मनगटाला घेतले. मग सुटणार कसा? सगळा भार त्या एका हातावर आला.

सुकऱ्याच्या बायकोने, नवसीने, खांदा चाचपला.

“उतरलाय. आताच बसवाय पायजे. सूज चढली का मंग नाय बसायचा.”

“कुणी हात लावू नका त्याला!” श्रीपादची आई, वेणूबाई, कडाडल्या. “कल्याणला डॉक्टर आहे.”

कल्याण म्हणजे आधी दीड तास बैलगाडी, मग आगगाडी येईल तेव्हा. मालिनीने नवऱ्याची बोटं हातात घेतली. गार होती, नखं निळसर पडत चालली होती. याच बोटांनी तो कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढी. हा हात गेला तर पुढे काय? सासूकडे न बघताच ती नवसीला म्हणाली, “बसव.”

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सासूच्या शब्दाबाहेर ती आज पहिल्यांदाच गेली.

नवसीने श्रीपादला उताणा निजवला, काखेत टाच रोवली आणि मनगट धरून ताण दिला. श्रीपाद किंचाळला, सगळं अंग ताठ केलं त्याने. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“आंग ढिलं सोड रं, दादा! बाय, याचं ध्यान हितून काढ. हाक मार याला.”

“अहो,” मालिनी म्हणाली. “अहो, इकडे बघा ना.”

श्रीपादने डोळेही उघडले नाहीत.

“अशी नाय. नावानं मार.”

नवऱ्याचं नाव मालिनीने घेतलं होतं ते फक्त उखाण्यात, यमक जुळवून, मान खाली घालून. तिने वेणूबाईंकडे पाहिलं.

“श्रीपाद!”

घसा फाटेल अशी ओरडली ती. श्रीपादने खाडकन डोळे उघडले आणि बायकोकडे बघतच राहिला. तेवढ्यात नवसीने हात ओढून वळवला. खट् असा आवाज झाला. थोड्या वेळाने त्याने बोटं एकेक करून हलवून पाहिली आणि मालिनीला रडूच कोसळलं.

परतीच्या वाटेवर हात झोळीत बांधून श्रीपाद पेंगत होता. वेणूबाई बदलापूरची घरं दिसेपर्यंत पाठ फिरवून बसल्या होत्या. आता घरी काय ऐकावं लागणार, या धास्तीने मालिनी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होती. माफी मागायची का, इथेच तिचं अडत होतं.

“तुझे सासरे रूळ ओलांडत होते,” वेणूबाई एकदम म्हणाल्या.

ते आगगाडीखाली गेले एवढंच मालिनीला ठाऊक होतं. त्यापुढचं घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

“मी फलाटावर होते. गाडी येताना मला दिसत होती. अहो, अहो, म्हणून केवढ्यानं ओरडले मी. फलाटावरचे सगळे पुरुष वळले गं.”

चाक खड्ड्यात गेलं. श्रीपाद कण्हला, मालिनीने त्याचा खांदा सावरून धरला.

“तोंडात आलं होतं नाव,” वेणूबाई म्हणाल्या. “त्र्यंबक. गिळलं मी.”