भैरू तांडेलाचं निशाण

सत्तावीस वर्षं भैरू तांडेलाला दर्यावर हिंडवणाऱ्या काशीरामला स्वतःला मात्र होडी लागायची. पूर्णगडची खाडी ओलांडायची म्हटलं तरी तोंडात लिंबाची फोड धरायचा. पण कागदावर हा गडी वादळं काय उठवायचा, चाचे काय बुडवायचा! एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर दर रविवारी सहा चौकटींची चित्रकथा, आणि सहाव्या चौकटीत भैरू हमखास मरणाच्या दारात.

आता त्यातल्या निवडक साठ पानांचं पुस्तक निघणार होतं. मूळ चित्रं सोमवारी पुण्याला धाडायची होती. आयुष्यात हातून हे एकच काम धड झालंय, ते तरी निर्दोष जावं, एवढाच काशीरामचा हट्ट. म्हणून शनिवारी सकाळीच तो गठ्ठा घेऊन जैनुद्दीनभाईंच्या पडवीत जाऊन बसला. भाई तरुणपणी शिडाच्या गलबतावर होते, पुढे वीस वर्षं आखातातल्या जहाजांवर.

भाईंनी चष्मा पुसून चार पानं उलटली. "बेस आहे. निशाण तेवढं उलटं."

"उलटं कसं?"

"वारा मागून येतोय, शीड पुढं फुगलंय. मग डोलकाठीवरचं निशाण मागं कसं जाईल रे? तेपण पुढंच फडकणार."

काशीरामने गठ्ठा पुढ्यात ओढून पानामागून पान पाहिलं. त्याने जन्मभर पाहिल्या त्या इंजिनाच्या होड्या. त्यांचं निशाण मागेच फडकतं. तेच त्याने भैरूच्या गलबताला चिकटवलं होतं, साठच्या साठ पानांवर.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"पयल्यापासून. आमची घरवाली, खतिजा, कात्रणं पाकिटात घालून धाडायची. जहाजावर कोकणातले आम्ही नऊ जण. पाकीट फोडलं की आधी निशाण बघायचं आणि पोट धरून हसायचं."

इतकी वर्षं लोक आपल्याला हसत होते! काशीरामचे कान तापले. "एक पत्र टाकायचं होतंत."

"टाकलं असतं तर तू सुधारलं असतंस. मग आम्ही हसलो कशाला असतो? तिथं हसायला दुसरं होतं काय?"

काशीरामने गठ्ठा तिथेच ठेवला. तो उठला, घरून पांढरा रंग, काळी शाई आणि बारीक ब्रश घेऊन आला. भाई बोटाने वारा दाखवत, हा जुनं निशाण पांढऱ्याने बुजवून नवं काढी. खतिजाचाचींचा चहा दोनदा गार झाला आणि दोघांनी दोनदा बोलणी खाल्ली. रविवारी दुपारपर्यंत बेचाळीस पानं झाली.

त्रेचाळिसाव्यावर भाईंनी हात ठेवला. भैरू बंदर सोडून निघाला होता. "हे राहू दे."

"का? हेही चुकलंय."

"चुकू दे. हे छापून आलं तेव्हा आमची महरीन आठ दिवसांची होती. मी तिला बघितलं नव्हतं. या कात्रणाच्याच पाकिटात तिचा फोटो होता." भाईंनी चित्रावरून बोट फिरवलं. "गलबत चाललंय पुढं, आणि निशाण मागं, घराकडं. त्या दिवशी मी नाय हसलो."

काशीरामचे डोळे भरून आले. निर्दोष पुस्तकाचा हट्ट त्याने तिथेच सोडला. ब्रश धुतला, फडक्याला पुसला, ते पान होतं तसं पुण्याच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि चव्वेचाळिसावं समोर घेतलं.