माईंच्या उशाशी ठेवलेला ॲम्प्लिफायर

माई लेकीकडे चार दिवस राहून परत आल्या, तर त्यांच्या खोलीचं थेटर झालेलं. भिंती काळ्या, खिडकी बुजवलेली, पलंगाच्या जागी गुबगुबीत खुर्च्या, समोर भला मोठा पडदा आणि कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर. पलंग बाहेर पॅसेजमध्ये.

"तुला काय गं आई, पाठ टेकायला जागा मिळाली म्हणजे झालं," थोरला मुलगा म्हणाला. "आणि मी सगळ्यांना सांगितलंय, आईनंच हौसेनं खोली दिली म्हणून."

खोली गेली ती गेलीच, वर दानशूरपणाही माईंच्या गळ्यात! माई काही बोलल्या नाहीत. तोंडाळ बाई गप्प बसली की घरच्यांनी घाबरावं, एवढी अक्कल त्या पोराला नव्हती.

त्यानं आणखी एक शहाणपण केलं होतं. खोलीत वायरींचं जंजाळ दिसू नये म्हणून भिंतीला भोक पाडून प्लेयर, ॲम्प्लिफायर, सगळं पॅसेजमधल्या फळीवर मांडलं होतं. म्हणजे बरोब्बर माईंच्या उशाशी. ती ॲम्प्लिफायरची पेटी शेगडीसारखी तापायची.

"हिवाळ्यात ऊब होईल हो माई," सून म्हणाली.

"होईल हो. सगळ्यांनाच होईल."

वायरी उपटणं सोपं होतं. पण ते उंदराचं काम, आणि वायर काय, तो नवी आणेल. माईंना खोली हवी होती, आणि ज्यांच्यापुढे तो खोटं बोलला त्यांच्यापुढेच हवी होती.

माळ्यावर जुना कॅसेटचा व्हिडिओ होता. माईंचे मालक होते तेव्हा तो भाड्यानं जायचा आणि माई स्वतः घरोघरी जोडून द्यायच्या. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. त्याला काही शाळा लागत नाही. एका दुपारी घर रिकामं बघून त्यांनी तो उतरवला, पदरानं पुसला, उशीमागे ठेवला आणि तिन्ही पिना ॲम्प्लिफायरच्या पाठीत त्या त्या रंगाच्या भोकात खुपसल्या. एक जुनी कॅसेट आत सरकवली. मग दारातून डोकावत ॲम्प्लिफायरचं पुढचं बटण फिरवत राहिल्या, पडद्यावर हवं ते दिसेपर्यंत. दिसल्यावर कॅसेट मागे घेऊन ठेवली.

रविवारी व्याही, विहीणबाई आणि थोरल्याचे साहेब आले.

"आईचा आग्रहच होता," थोरला खुर्च्या दाखवत म्हणाला. "म्हणाली, मला म्हातारीला कशाला एवढी खोली!"

"धन्य आहे हो तुमची!" विहीणबाई पॅसेजकडे बघून ओरडल्या.

माईंनी पलंगावर मांडी ठोकली, कॅसेट चालू केली आणि बटण फिरवलं.

पडद्यावर नुकताच सुरू झालेल्या सिनेमातला समुद्र गेला. तिथं उभा राहिला मिसरूड फुटलेला थोरला, छाती काढून. घर बांधून झालं त्या दिवशीचा.

"ही आमच्या आईची खोली! आईनं अंगावरचं सोनं विकून बांधलीय. तिच्या पलंगाला कुणी हात लावला तर हात मोडीन त्याचे!"

पाच स्पीकर बसवले होते ना? पाचही बोलले. साहेबांच्या पाठीमागून तेच, व्याह्यांच्या कानाशी तेच.

थोरला एकेक रिमोट दाबत सुटला. पण भिंतीपलीकडच्या पेटीला रिमोट कळावा म्हणून खोलीत लावलेल्या डोळ्याची वायर माईंनी पेटीतून काढून मुठीत धरली होती. धावत बाहेर आला.

"आई, बंद कर ते!"

"तूच बोलतोयस की रे. तुझ्या तोंडाला मी कशी गप्प करू?"

"लोक बसलेत गं!"

"म्हणून तर." माईंनी कॅसेट मागे घेतली. पुन्हा पाच कोपऱ्यांतून थोरला हात मोडायला निघाला.

आतून व्याही उठून आले. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. "जावईबापू, एक टोक मी धरतो. दुसरं तुम्ही धरा."

खुर्च्या बाहेर आल्या, पलंग आत गेला. थोरला मान खाली घालून पडदा काढायला वळला.

"राहू दे तो. मला लागेल," माई आडव्या होत म्हणाल्या. "खिडकी तेवढी उघड. तुम्हाला सिनेमा बघायचा असला तर खुर्च्या पॅसेजमध्ये मांडा. मनात आलं तर दार उघडं ठेवीन."

"माई, पण तिथं त्या पेटीपाशी केवढं गरम होतं!" सून म्हणाली.

माईंनी पांघरूण ओढून घेतलं. "हिवाळ्यात ऊब होईल हो."